तुवालू: अकरा हजार वस्तीच्या बेटांचा फुटबॉल संघ फिफाबाहेर का?

डावा विंगर (प्रश्न)

नमस्कार. पॅसिफिक महासागरातील तुवालू या देशाच्या फुटबॉल संघाविषयी गेले काही महिने मिळेल ते वाचत आहे आणि जितके वाचावे तितकी एक गोष्ट मनाला लागून राहते, म्हणून हा धागा काढत आहे. नऊ बेटे, सगळी मिळून जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर आणि वस्ती अकरा हजारांच्या आसपास, एवढाच हा देश. १ ऑक्टोबर १९७८ रोजी तो स्वतंत्र झाला, २००० साली संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याचे खेळाडू पहिल्यांदा उतरले. फिफाचे मात्र २११ सदस्य असूनही त्यांत तुवालूचे नाव नाही. संयुक्त राष्ट्रांत असलेले पण फिफात नसलेले जे थोडे देश आहेत, त्यांत मोनॅको वगळला तर बाकी सगळे पॅसिफिकमधलेच आहेत: तुवालू, किरिबाती, नाउरू, पलाउ, मायक्रोनेशिया आणि मार्शल बेटे.

संघ नावापुरता असता तर प्रश्न पडला नसता. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते तेव्हा, १९७९ साली, फिजीची राजधानी सुवा येथील दक्षिण पॅसिफिक क्रीडास्पर्धेत हा संघ उतरला. ताहितीकडून त्याला १८ गोल खावे लागले, पण टोंगाला त्याने ५-३ असे हरवले. २००७ साली समोआतील आपिया येथे याच स्पर्धेतील फुटबॉलला २०१० च्या विश्वचषकाच्या ओशनिया पात्रता फेरीचा दर्जा दिला गेला आणि त्यामुळे तुवालू हा फिफाचा सदस्य नसतानाही विश्वचषक पात्रता फेरीत खेळलेला संघ ठरला. पहिल्या सामन्यात फिजीने त्यांच्यावर १६ गोल चढवले. पुढच्या सामन्यात न्यू कॅलेडोनियाला एकाच गोलवर समाधान मानावे लागले. त्यानंतर, त्याच आठवड्यात, विलियामु सेकिफू याच्या गोलमुळे ताहितीशी १-१ अशी बरोबरी झाली. ज्या ताहितीने १८ गोल केले होते, तोच हा ताहिती.

चार दिवसांत १६ गोलांच्या पराभवातून सावरून बरोबरी साधणारी ही मुले कुठे सराव करतात, कुठून निवडली जातात आणि त्यांना पूर्ण सदस्यत्व नाकारण्यामागे मैदान व निवासाची सोय नसल्याचे जे कारण दिले जाते ते कितपत न्याय्य आहे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. कोणी त्या भागात जाऊन आले असेल किंवा तिथल्या माणसांबरोबर काम केले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

दर्यावर्दी

मी तुवालूला गेलेलो नाही, पण तुवालूच्या माणसांबरोबर बरीच वर्षे राहिलो आहे. व्यापारी जहाजांवर नोकरी करत असताना जर्मन मालकांच्या कंटेनर जहाजांवर माझ्या हाताखाली तुवालू आणि किरिबातीचे खलाशी असत. राजधानी फुनाफुतीजवळ अमातुकू नावाचे छोटेसे बेट आहे, तिथे त्यांची सागरी प्रशिक्षण संस्था आहे, आणि एके काळी गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला कोणी ना कोणी बोटीवर असायचा. आपल्या कोकणातल्या खाडीकाठच्या गावांतून जसे मुलगे बोटीवर जात, तसेच.

माझा एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, वाइतुपू बेटाचा होता. त्याच्या केबिनमध्ये बंकखाली फुटबॉलच्या बुटांचा जोड नेहमी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला असे. एकदा त्याने तो मला उघडून दाखवला. तळाचे स्टड, म्हणजे पकडीसाठीचे खुंट, टोकाला गोल व्हायच्या ऐवजी एका बाजूने घासून तिरपे झाले होते, जणू कोणी कानस फिरवली असावी. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की अर्धा सराव पोवळ्याच्या खडीवर होतो आणि उरलेला विमानाच्या धावपट्टीवर. मला ती थट्टा वाटली होती. ती थट्टा नव्हती. फुनाफुतीची धावपट्टी म्हणजे राजधानीतील सर्वांत मोठी मोकळी आणि सपाट जागा. फिजीहून येणारी विमाने आठवड्यातून मोजकीच, त्यामुळे उरलेल्या वेळी ती गावाच्या मालकीची. उन्हे कलली की एका टोकाला व्हॉलीबॉल, मध्ये फुटबॉलचे दोन-तीन डाव, कडेला चटया टाकून बसलेली म्हातारी माणसे आणि मोटारसायकलींवर फिरणारी तरुण मंडळी, असा तिथला संध्याकाळचा देखावा असतो. विमान यायचे असेल तेव्हा भोंगा वाजतो, लोक चेंडू उचलून बाजूला होतात, आणि विमान गेले की डाव जिथे थांबला तिथून पुढे चालू होतो. बोसन म्हणायचा की लहानपणी भोंगा वाजला की त्याला राग यायचा, कारण तो नेहमी त्यांची चढाई चालू असतानाच वाजतो असे त्याला वाटे.

खेळाडू कुठून येतात, या प्रश्नाचे उत्तर क्लबांच्या नावांतच आहे. तिथल्या लीगमधले क्लब हे खरे तर बेटांचे संघ आहेत. नाउती हा फुनाफुतीचा, तोफागा वाइतुपूचा, लाकेना युनायटेड नानुमेआचा, मानु लाएवा नुकुलाएलाएचा. सामने मात्र राजधानीत होतात आणि खेळतात ती बहुतेक त्या त्या बेटावरून राजधानीत येऊन राहिलेल्या कुटुंबांची मुले. बेटाबेटांत विमान जात नाही. सरकारी बोटीची फेरी केव्हा निघेल ते हवामान आणि माल ठरवतात, आणि लांबच्या बेटांवर जायला समुद्रात दिवस मोडतात. म्हणजे नानुमेआच्या शाळेत एखादा पोरगा उत्तम खेळत असला तरी प्रशिक्षकाच्या नजरेस पडायला त्याला आधी राजधानीत राहायला यावे लागते.

आता माझा ढोबळ हिशेब सांगतो. अकरा हजारांत निम्मे पुरुष धरले, त्यांतले राष्ट्रीय संघात खेळण्याच्या वयाचे पाव धरले, तर तेराशे-चौदाशे माणसे होतात. त्यांतून बोटीवर गेलेले, फिजीत शिकायला गेलेले, न्यूझीलंडमध्ये कामाला गेलेले आणि दूरच्या बेटांवर राहिलेले वजा करा. प्रशिक्षकासमोर एका वेळी उभे राहू शकतील असे फार तर काही शे तरुण उरतात, आणि त्यांतून गोलरक्षकासह अकरा जण निवडायचे. आमच्या काळी बोटीवरचा करार दहा-बारा महिन्यांचा असे. स्पर्धेची दोन वर्षांची तयारी अशा माणसांना घेऊन करायची म्हणजे काय, हे बोसनच्या एका वाक्यावरून मला कळले. तो म्हणाला होता, "साहेब, आमच्या संघाचा डावा बचावपटू आत्ता रॉटरडॅमला आहे आणि उजवा तुमच्यासमोर उभा आहे."

२००८ च्या मंदीनंतर परदेशी जहाजांवरच्या त्यांच्या नोकऱ्या बऱ्याच कमी झाल्या. संघाला माणसे मिळू लागली असतील, पण घरी येणारा पैसा आटला. त्यात आनंद मानावा अशी स्थिती नाही.

हिरवळ

दर्यावर्दी काका, स्टडचे वर्णन वाचून फार बरे वाटले, कारण मैदानाचा सगळा इतिहास त्या झिजेत आहे. मी गेली अनेक वर्षे खेळाची मैदाने तयार करण्याच्या आणि राखण्याच्या कामात आहे. तुवालूत चांगले मैदान का होत नाही याचा मी माझ्या धंद्याच्या अंगाने अभ्यास केला आहे, त्यातून समजलेले मांडतो.

आपल्याकडे मैदान करायचे म्हटले की खाली दगड, त्यावर मुरूम, वाळू आणि वर पोयट्याची माती असे थर घालतात, आणि यातले काहीही पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत मिळते. प्रवाळबेटावर यातले काहीच नाही. तिथे जी जमीन आहे ती पोवळ्याचा चुरा आणि वाळू यांची, चाळणीसारखी. फुनाफुतीत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणाइतका, पण नदी नाही, ओढा नाही, आणि पडलेले पाणी जमिनीत राहत नाही. पिण्याचे पाणी म्हणजे छपरावरून टाकीत उतरवलेले पाणी. पाऊस काही आठवडे हुकला की काय होते ते २०११ साली दिसले. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांचा संघ न्यू कॅलेडोनियातील नूमेआला पॅसिफिक स्पर्धा खेळून परतला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला देशात पाणीटंचाईमुळे आणीबाणी जाहीर झाली. जिथे माणसांना पाणी मोजून द्यावे लागते, तिथे हिरवळीवर पाणी मारा असे कोण कोणाला सांगणार?

दुसरी अडचण खालून येते. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मोठ्या उधाणाच्या वेळी समुद्राचे पाणी किनारा ओलांडून येतेच, पण त्याआधी ते जमिनीच्या पोटातून वर येते. धावपट्टीच्या कडेला सखल भागात बुडबुडे येत खारे पाणी साचते. गवताच्या मुळाशी मीठ गेले की ते पिवळे पडून मरते, आणि नंतरच्या पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत मैदान टकले राहते. तुवालू स्पोर्ट्स ग्राउंडची छायाचित्रे पाहिली तर गोलसमोरचा आणि मधला पट्टा तसाच दिसतो. हीच देशातली मुख्य जागा; १,५०० प्रेक्षकांची सोय सांगितली जाते.

तिसरी गोष्ट जागेची. फुनाफुतीवरचा फोंगाफाले हा वस्तीचा पट्टा सर्वांत रुंद ठिकाणी सुमारे ४०० मीटर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकी नौदलाने तिथे धावपट्टी बांधली. तिच्या भरावासाठी बेटावर ठिकठिकाणी खणून मोठमोठे खड्डे पाडले आणि युद्ध संपल्यावर ते तसेच सोडून दिले. सत्तर वर्षे त्या खड्ड्यांत खारे पाणी आणि कचरा साचत राहिला. २०१५ साली न्यूझीलंडच्या मदतीने खाजणातली वाळू काढून ते बुजवले गेले. म्हणजे आधीच चिंचोळ्या बेटाचा मधला भाग धावपट्टीने घेतला आणि उरलेल्यातला बराचसा तिच्या खड्ड्यांनी. ज्या धावपट्टीवर आज मुले खेळतात, तिनेच त्यांच्या मैदानाची जागा खाल्ली, हे मला फार बोचते.

जमिनीची मालकीही लक्षात घ्यावी लागते. तिथली जमीन बहुतांशी कुटुंबांची सामाईक असते, त्या पद्धतीला कैतासी म्हणतात. सरकारला कार्यालय बांधायचे असो की धावपट्टी ठेवायची असो, जमीन भाड्याने घ्यावी लागते आणि हिस्सेदार अनेक असतात. फुटबॉलचे एक पूर्ण मैदान १०५ गुणिले ६८ मीटरचे, म्हणजे पाऊण हेक्टराच्या जरा आत, आणि कडेची मोकळी जागा धरली तर एक हेक्टर. २६ चौरस किलोमीटरच्या देशात, आणि त्यातही निम्म्याहून अधिक लोक एकाच बेटावर दाटीने राहत असताना, एक हेक्टर ही साधी मागणी नाही.

तरीही उपाय नाही असे मला वाटत नाही. किनारा राखण्याच्या प्रकल्पात फुनाफुतीला २०२३ पर्यंत ७ हेक्टरांहून अधिक नवी जमीन भराव टाकून, उधाणाच्या पातळीच्या वर उचलून तयार केलेली आहे. त्या उंचीवर कृत्रिम हिरवळ टिकू शकेल. खालच्या जुन्या जमिनीवर ती टाकली तर पहिल्याच उधाणात खालून येणारे पाणी थराला फुगवून उचलेल. मात्र त्या नव्या जमिनीवर घरे आणि सार्वजनिक इमारती यांचाही हक्क आहे, आणि तो मैदानाच्या आधीचा आहे हे मान्य करायला हवे.

डावा विंगर

दर्यावर्दी काका आणि हिरवळ, दोघांचेही मनापासून आभार. एवढ्या बारकाईने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. मैदानाची अडचण खरी आहे हे आता पटले. पण मग माझा उरलेला प्रश्न अधिकच टोचतो. अमेरिकन समोआ हा स्वतंत्र देशही नाही, तो अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे, आणि २००१ साली ऑस्ट्रेलियाकडून ३१-० असा पराभव पत्करलेला त्याचा संघ फिफाचा सदस्य आहे. त्याच अमेरिकन समोआला तुवालूने २०११ साली नूमेआत ४-० हरवले. सदस्यत्व खेळावर ठरत नसेल तर ते नेमके कशावर ठरते?

नियमावली

ते दारावर कोण आधी पोहोचले यावर बरेचसे ठरते, असे माझे वाचन सांगते. अमेरिकन समोआला १९९८ साली सदस्यत्व मिळाले, कुक बेटांना त्याआधी १९९४ साली. आज फिफाच्या घटनेनुसार अर्ज करणारी संघटना आधी आपल्या खंडाच्या महासंघाची सदस्य असावी लागते. तुवालूची संघटना १९७९ सालची आहे, पण ओशनिया महासंघात ती २००६ पासून सहयोगी सदस्य आहे, पूर्ण सदस्य नाही. त्या महासंघाचे पूर्ण सदस्य अकरा आहेत. म्हणजे कुलूप फिफाच्या झुरिचला नसून ओशनिया महासंघाच्या ऑकलंडला आहे, आणि पूर्ण सदस्यत्वासाठी जी तयारी दाखवावी लागते तीत मैदान, सरावाची जागा, पाहुण्या संघांच्या निवासाची सोय असे सगळे येते.

इथे जे चक्र तयार होते ते नीट पाहावे. फिफाच्या विकासनिधीतून २०२३ ते २०२६ या चार वर्षांत प्रत्येक सदस्य संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत मदत मिळू शकते. मैदाने, कृत्रिम हिरवळ, प्रवासखर्च, प्रशिक्षकांचे मानधन यांसाठीच हा पैसा असतो. तुवालूच्या संघटनेला तो मिळत नाही, कारण ती सदस्य नाही. आणि सदस्य होत नाही, कारण त्या पैशातून जे उभे करायचे तेच आधी उभे असावे अशी अपेक्षा आहे. हिरवळ यांनी सांगितलेला उंचावरचा एक हेक्टर आणि त्यावरची कृत्रिम हिरवळ यांचा खर्च त्या रकमेच्या एका भागात निघेल.

मैदान नसेल तर सामने कसे होणार, या आक्षेपात मला तथ्य वाटत नाही, आणि त्याचे कारण ओशनिया महासंघाच्या स्वतःच्या व्यवहारात आहे. २०२२ च्या विश्वचषकाची ओशनिया पात्रता फेरी कोविडमुळे कतारमध्ये एकाच ठिकाणी झाली; कोणत्याही संघाचे घरचे मैदान तीत वापरले गेले नाही. २०२६ च्या पात्रतेची पहिली फेरी सप्टेंबर २०२४ मध्ये आपिया येथे झाली आणि समोआ, अमेरिकन समोआ, कुक बेटे व टोंगा हे चारही संघ तिथेच खेळले. युरोपात जिब्राल्टरला २०१३ साली महासंघाचे सदस्यत्व मिळाल्यावर त्यांनी आपले घरचे सामने कित्येक वर्षे पोर्तुगालमध्ये खेळले, कारण त्यांचे स्वतःचे मैदान नियमांत बसत नव्हते. क्रीडा लवादापर्यंत लढून जिब्राल्टर २०१६ साली फिफात गेले. तुवालूजवळ वकिलांवर खर्च करायला पैसा नाही, एवढाच त्यात फरक आहे. सुवाचे मैदान फुनाफुतीपासून हजारभर किलोमीटरांवर आहे आणि विमान तिथूनच सुटते. 'घरचा' सामना सुवात खेळण्याची मुभा देणे अवघड नाही.

हा संघ प्रयत्नांत कमी पडला असे कोणी म्हणू नये, म्हणून २०११ विषयी थोडे लिहितो. त्या वर्षी फोपे डे हान हे डच प्रशिक्षक तुवालूच्या मदतीला गेले. हेरेनवेन या क्लबला त्यांनी घडवले होते आणि नेदरलँड्सच्या २१ वर्षांखालील संघाला २००६ व २००७ अशी सलग दोन वर्षे युरोपचे विजेतेपद मिळवून दिले होते. अशा माणसाने पोवळ्याच्या खडीवर सराव घेतला आणि नूमेआत संघाने अमेरिकन समोआवर चार गोल केले व ग्वामशी १-१ बरोबरी साधली. न्यू कॅलेडोनिया, वानुआतू आणि सॉलोमन बेटे यांच्याकडून मोठे पराभव झाले हेही खरे, पण ग्वाम आणि अमेरिकन समोआ हे दोघेही फिफाचे सदस्य होते, हे त्या निकालांशेजारी लिहून ठेवावे. पुढे २०१३ साली संघ नेदरलँड्सच्या दौऱ्यावर गेला. २०१८ साली लंडनमध्ये फिफाबाहेरच्या संघांच्या कोनिफा विश्वचषकात किरिबातीच्या जागी तुवालू खेळला. तिथे तो गटातच बाद झाला, पण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून एवढा खर्च करून गेला हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे.

ताळेबंद

नियमावली यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, तरी एक शंका नोंदवतो. चार वर्षांत ८० लाख डॉलर म्हणजे अकरा हजार लोकांत माणशी सातशे डॉलरहून अधिक होतात. हिशेब ठेवणारे, लेखापरीक्षण करणारे, निविदा काढणारे मनुष्यबळ ज्या संघटनेत दोन-चार जणांचे असेल, तिच्यावर एवढ्या पैशाचा भार टाकला तर ती मोडू शकते. लहान संघटनांत असे घडताना मी जवळून पाहिले आहे. आधी सहयोगी सदस्यांसाठी लहान पण नियमित निधी असावा, त्यातून प्रवास आणि प्रशिक्षण चालावे, आणि मग पूर्ण सदस्यत्वाकडे जावे, हा क्रम मला सुरक्षित वाटतो.

नियमावली

ताळेबंद, आपला मुद्दा योग्य आहे आणि मी तो हलका मानत नाही. फक्त एवढेच म्हणेन की फिफाचा निधी एकरकमी हातात दिला जात नाही, मंजूर झालेल्या कामांनुसार मिळतो. आणि सहयोगी सदस्यत्वालाही आता जवळपास वीस वर्षे होत आली. पहिली पायरी म्हणून इतका काळ पुरेसा आहे.

ऑकलंडकर

उशिरा लिहीत आहे, पण या धाग्यात एक बाजू अजून आलेली नाही. आम्ही पश्चिम ऑकलंडमध्ये राहतो. इथे तुवालूच्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि माझा धाकटा मुलगा ज्या क्लबात खेळतो तिथे त्याच्या संघातली तीन मुले तुवालूची आहेत. त्यांतली दोघे इथेच जन्मलेली.

दर्यावर्दी काकांनी केलेला माणसांचा हिशेब यापुढे आणखी बदलणार आहे. ऑस्ट्रेलियाशी तुवालूने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केलेला फालेपिली करार ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार दर वर्षी सोडतीने निवडलेल्या २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहता येईल. पहिल्या सोडतीला कुटुंबीयांसह आठ हजारांहून अधिक जणांची नोंद झाली, म्हणजे देशाच्या बहुतेक लोकांनी निदान नाव तरी घातले. जाणाऱ्यांत तरुण कुटुंबे असतील आणि त्यांत संघाचे खेळाडूही असतील. दुसरीकडे, २०२३ साली त्यांनी आपल्या राज्यघटनेत असे लिहून ठेवले की समुद्राने जमीन घेतली तरी तुवालू हे राष्ट्र कायम राहील. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मैदानाची अट किती जुनी झाली आहे ते कळते. राष्ट्र जमिनीवर अवलंबून नाही असे ज्यांची घटना सांगते, त्यांच्या संघाकडून आधी जमिनीचा दाखला मागितला जात आहे. ऑकलंड, ब्रिस्बेन, सुवा आणि फुनाफुती अशा चार ठिकाणांहून खेळाडू गोळा करून संघ बांधायची मुभा, आणि त्यासाठी प्रवासाचा पैसा, हे त्यांना आज हवे आहे.

त्यांचा खेळ कसा असतो असे कोणी विचारले तर एक प्रसंग सांगते. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपासच्या शनिवारी इथल्या बागेत बेटवार सामने होते. नानुमेआ विरुद्ध वाइतुपू, अगदी काकांनी सांगितले तसे. कडेला आज्या पांदानसच्या, म्हणजे केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या, चटया अंथरून बसल्या होत्या. मध्यंतरात मुलांनी आनो हा त्यांचा जुना खेळ मांडला: समोरासमोर दोन रांगा, पांदानसच्या वाळक्या पानांचे विणलेले दोन कठीण चेंडू, आणि हाताच्या तळव्याने ते जमिनीला न लागू देता एकमेकांकडे टोलवायचे. चेंडू माझ्या हातात आला तेव्हा तो नारळाच्या करवंटीइतका टणक लागला. त्यांचे गोलरक्षक उंच चेंडू इतके बिनधास्त का अडवतात याचा उलगडा मला तिथे झाला. दुसऱ्या डावात वाइतुपूने शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि हरलेल्या बाजूच्या आज्यांनीच आधी लाकडी खोक्यावर ताल धरून फातेले हे त्यांचे समूहनृत्य सुरू केले. दोन्ही संघ घामेजलेल्या कपड्यांतच नाचायला उभे राहिले.

डावा विंगर, आपल्याला प्रत्यक्ष काही करायचे असेल तर तेही सांगते. आमच्या क्लबाच्या सामानखोलीत प्लॅस्टिकचे एक निळे पिंप आहे. मुलांच्या पायांना लहान झालेले बूट त्यात टाकायचे, ते भरले की एक तुवालू कुटुंब ते समुद्रमार्गे फुनाफुतीला पाठवते. पालक लहान मापाचेच बूट आणून देतात, त्यामुळे शाळांना पुरेसे मिळतात आणि मोठ्या संघाला पुरत नाहीत. या खेपेसाठी तिकडून ९ आणि १० मापाचे बारा जोड मागितले आहेत, आणि स्टड आखूड व जाड असावेत असे आवर्जून कळवले आहे, कारण लांब स्टड खडीवर महिन्याभरात तुटतात. आतापर्यंत सात जोड जमले आहेत.

डावा विंगर

ऑकलंडकर ताई, उरलेल्या पाच जोडांचे मी बघतो. माझ्या संघातल्या दोघांचे माप १० आहे. पत्ता आणि पाठवण्याची शेवटची तारीख कृपया निरोपातून कळवावी.